काजं-बटणंच राहिलीत

ऑफिसात तिला चकारताई म्हणत. म्हणजे तोंडावर ताई आणि पाठ वळली की चकारताई. पाठ वळल्यावर काय म्हणतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ऑफिस सगळं काचेचं होतं आणि काचेच्या ऑफिसात पाठ वळवायची सोय नसते.

सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी होती आणि तिथे तिचं काम एकच होतं. कुठलं काम किती दिवसांत होईल ते आधी सांगायचं. प्रोग्राम लिहिणारी चाळीस मंडळी, त्यांच्याकडून आकडे घ्यायचे, त्यांची मोट बांधायची आणि साहेबांच्या हातात तारीख ठेवायची. बाकीच्या जगात हे काम करणारे काय करतात? आलेल्या आकड्याची दुप्पट करतात आणि तरीही तोंडघशी पडतात. ताई आकड्याकडे फारसं बघायचीच नाही. ती 'च' ऐकायची.

कोणी "दोन दिवस लागतील" म्हणालं तर ती दोन दिवस लिहायची. "दोनच दिवस" म्हणालं की दोन आठवडे. "झालंच आहे" म्हणजे अजून हातही लागलेला नाही. "एवढंच राहिलंय" म्हणजे ते कोणा दुसऱ्याचं काम याच्या गळ्यात पडलंय आणि याने अजून ते उघडून पाहिलेलं नाही. "करतोच" म्हणजे विसरला होता, आत्ता आठवलं. 'फक्त' हा 'च'चा सख्खा भाऊ, त्यालाही तोच न्याय. "जवळजवळ झालं" म्हणणाऱ्याला ती सांगायची, "एकदा जवळ म्हणालास तर विश्वास ठेवीन. दोनदा जवळ म्हणजे लांब."

तिच्या टेबलावर एक पाटी होती. 'येथे चकार शब्द काढू नये.' नवीन लोकांना वाटायचं, बाईंना शांतता आवडते.

एकदा डेटाबेसवाला आला. हा सहा फुटी गडी, दाढी छातीपर्यंत, आत्मविश्वास दाढीच्याही खाली. म्हणाला, "ताई, माझं झालंच आहे. फक्त जोडायचं तेवढंच राहिलंय."

ताईने बोटं मोजली. "दोन 'च', एक 'फक्त'. सात आठवडे."

"काहीतरीच काय!"

"हा तिसरा. पण तो रागाचा आहे, तो मी धरत नाही."

सात आठवडे आणि दोन दिवसांनी ते काम संपलं. डेटाबेसवाला पेढा मिळाल्यासारखं तोंड करून सांगायला आला, की ताई, दोन दिवस तुमचे चुकले. ताईने वही उघडून पाहिली आणि म्हणाली, "चुकले खरे. त्या दिवशी जाताना दारात तू 'बघाच' म्हणाला होतास, तो राहून गेला."

बावीस वर्षांत तिने दिलेली तारीख चुकली म्हणण्याइतकी कधी चुकली नव्हती. मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेले लोक भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावून, तक्ते काढून, आकड्यांचे पत्ते वाटून अंदाज बांधायचे आणि शेवटी कोपऱ्यातल्या या बाईकडे येऊन हळूच विचारायचे, "तुम्हाला काय ऐकू आलं?" ही विद्या तिने कुठल्या कॉलेजात घेतली असं विचारलं तर ती सांगायची, "टेबलाखाली." हे अगदी खरं होतं.

तिचे बाबा शिंपी. रस्त्यावर उघडणारी एक खोली, खिडकीशी मशीन, मध्ये कापड बेतायचं मोठं टेबल आणि त्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून अभ्यास करणारी ही. तिला वरची माणसं दिसायची नाहीत, फक्त पाय दिसायचे आणि बोलणं ऐकू यायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "झाला का शर्ट?" बाबा मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "झालाच. काजं-बटणंच राहिलीत." आणि तो शर्ट तिच्या वहीशेजारी, दुकानातून आणलेल्या घडीत, दोऱ्याने बांधलेला तसाच पडलेला असायचा. त्याला कात्री सोडाच, खडूसुद्धा लागलेला नसायचा. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. या म्हणीतच दोन 'च' आहेत, ते काही उगाच नाहीत.

पण हे सगळं तिला सुरुवातीपासून कळत होतं असं नाही. सात वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात तिला कविता म्हणायची होती. कवितेत मध्येच एकदा आकाशाकडे हात करायचा होता. बाबांनी नवा फ्रॉक कबूल केला. ती रोज विचारायची आणि बाबा रोज म्हणायचे, "झालाच गं. काजं-बटणंच राहिलीत." तो फ्रॉक त्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कापला, तासाभरात कच्च्या टाक्यांवर उभा केला आणि तिच्या अंगात घातला. स्टेजवर तिने आकाशाकडे हात केला. हात वर गेला आणि बाही खाली आली. सगळी शाळा हसली. पुढची दोन कडवी राहिलीच, तिच्या तोंडून चकार शब्द फुटला नाही. घरी आल्यावर तिने बाही टेबलावर ठेवली. बाबांनी ती उचलून खिळ्याला अडकवली. त्यावर त्या घरात नंतर कधीही कोणी बोललं नाही, पण तिचे कान त्या दिवसापासून टवकारले ते टवकारलेच.

तर अशा या ताईच्या ऑफिसात नवे साहेब आले. वय तिच्या निम्मं, बूट आरशासारखे, घाई मात्र पी हळद नि हो गोरी अशी. आल्या आल्या त्यांनी एक मोठं काम हेरलं. शहराच्या बससेवेला ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम हवा होता. कोण कुठल्या बसवर, किती वाजता, हे त्या वेळी आगारातल्या एका भिंतीएवढ्या फळ्यावर ठरायचं. फळ्याला हजारभर खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबर लिहिलेला पत्र्याचा बिल्ला. हे बिल्ले हलवणारे एक फळेवाले काका होते आणि ते पाच महिन्यांनी निवृत्त होणार होते. म्हणून तर ही धावपळ.

ताई स्वतः जाऊन तो फळा पाहून आली. दोन तास काकांच्या शेजारी उभी राहिली. काका एक बिल्ला उचलायचे आणि पुटपुटायचे. याच्या आईला मंगळवारी दवाखान्यात न्यायचं असतं, याला सकाळची नको. या दोघांची बोलचाल बंद आहे, यांना एका बसवर टाकलं तर स्टॉप चुकतात. हा वळणाच्या रस्त्याला घाबरतो, पण सांगत नाही. यातलं एक अक्षर कुठल्या कागदावर नव्हतं. ताईने परत येऊन चाळिसांना विचारलं. प्रत्येकाने आपापला आकडा दिला, बेरीज आली चार महिने. मग तिने 'च' मोजले. वहीची दोन पानं भरली. अकरा महिने.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, म्हणजे काचेचं दार लावलं, त्याने काय व्हायचं ते झालं.

"ताई, शुक्रवारी आगाराच्या मॅडम येतायत. त्यांनी एकच अट घातलीय. म्हणाल्या, तुमच्याकडे त्या तारखेच्या बाई आहेत ना, त्यांनी तोंडाने आकडा सांगितला तर पुढे बोलू. तेव्हा तुम्ही चार म्हणा."

"चारमध्ये होणार नाही, साहेब."

"होईल हो. अख्खी टीम चारच म्हणतेय."

"चारच म्हणतेय ना? तिथेच तर गोची आहे."

साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले. "हे बघा, एकदा काम हातात आलं की पुढचं पुढे. हत्ती गेला की शेपटाचं काय ते बघता येतं."

"हत्ती अजून जन्माला यायचाय."

"ताई, मी तुमचा मान ठेवतो," साहेब म्हणाले, आणि असं म्हणणारा माणूस पुढे काय करणार हे कळायला 'च' ऐकावा लागत नाही. "पण तारखा काढणारं एक सॉफ्टवेअर मी पाहून ठेवलंय. आकडे टाकले की तारीख बाहेर. शुक्रवारी तुम्ही अकरा म्हणालात, तर मग तुमच्या खुर्चीचं काय करायचं त्याचा विचार करावा लागेल."

"त्याला ऐकू येतं का?"

"कोणाला?"

"त्या सॉफ्टवेअरला."

साहेबांनी दार उघडलं.

तोंडाने ताई तिखट, पण जिना उतरताना तिची पाचावर धारण बसली होती. वय छप्पन्न. दुसऱ्या कंपनीत जाऊन काय सांगायचं, मला 'च' ऐकू येतो? चार म्हणणं म्हणजे काय मोठं पाप होतं? सगळं जग म्हणतं. गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं, ते मनातल्या मनात तिप्पट करून घेतो. बस घरापाशी येईपर्यंत तिने स्वतःला बरंचसं पटवलं होतं. आपण चार म्हणणार हे तिला कळून चुकलं, आणि आपल्याला त्याची लाज वाटतेय हेही.

घरात ती आणि बाबा दोघंच. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. दुकान कधीच बंद झालं, मशीन तेवढं घरी आलं आणि खिडकीशी बसलं. ऑफिसातल्या कुठल्याही बातमीपेक्षा त्यांना तिचं चकारताई हे नाव फार आवडायचं, ते ऐकलं की खोकला येईपर्यंत हसायचे. कपाटात निळं लोकरी कापड एकोणीस वर्षं पडून होतं, तिच्या कोटाचं. "तुझा कोट शिवायचाच आहे," हे बाबा दर थंडीला म्हणायचे आणि ती दर थंडीला स्वेटर घालायची.

त्या रविवारी जेवताना ती सहज बोलून गेली, शुक्रवारी मोठी मीटिंग आहे. बाबांनी हात धुतले, कापड काढलं आणि तिच्या पाठीला टेप लावला. "शुक्रवारी सकाळी मिळेल," म्हणाले. या वाक्यात 'च' नव्हता. पण शिंप्याच्या शब्दांतले 'च' मोजणं तिने बाराव्या वर्षीच सोडून दिलं होतं, त्यामुळे तिने मान डोलावली आणि स्वेटर धुवायला टाकला.

आठवडाभर मशीन चालू होतं. गुरुवारी संध्याकाळी ती आरशासमोर उभी राहून सराव करत होती. चार महिने. चार महिने. सहाव्यांदा तोंडातून निघालं, "चारच महिने." तिने जीभ चावली. ती सराव सोडून भांडी घासायला गेली.

शुक्रवारी सकाळी कोट खुर्चीच्या पाठीवर चढवलेला होता. तिने आधी लांबूनच पाहिला, मग जवळ जाऊन बाही ओढून पाहिली. कच्चा टाका एकही नव्हता. अस्तर बसलेलं, कॉलर जिथल्या तिथे, उजवा खांदा तिच्या खांद्यासारखाच किंचित उतरता. पुढून मात्र सताड उघडा.

"काजं-बटणंच राहिलीत," बाबा म्हणाले.

तिला हसू आवरेना. तिच्या उभ्या जन्मात पहिल्यांदा ते वाक्य खरं झालं होतं. बाबा हसत नव्हते.

"दिसत नाही गं आता. बाकीची शिवण हाताला पाठ आहे, डोळे मिटून करतो. काजाचं तसं नाही, एक टाका हलला की काज फाकतं. हे बघ." त्यांनी एक चिंधी पुढे केली. तिच्यावर तीन काजं होती आणि तिन्ही तीन दिशांना तोंडं करून बसली होती.

"असू दे हो बाबा. मी पिना लावते."

ती पिना शोधत असताना बाबा खिडकीकडे तोंड करून बोलले. "मी काजं-बटणं म्हणायचो ना, लोकांना ठाऊक असायचं. ते समजायचे, याने अजून कापलेलं नाही. हसून जायचे आणि आठवड्याने यायचे. कोणी फसलं नाही." त्यांनी हातातल्या चिंधीची घडी घातली. "एकीला सोडून. तिला वाटलं, बाप म्हणतोय म्हणजे खरोखर तेवढंच राहिलं असेल."

एकोणपन्नास वर्षांनी त्या बाहीचं नाव निघालं होतं, आणि तेही बाही न म्हणता. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तोंडात दोन पिना होत्या. तिने त्या एकेक काढून कोटाला लावल्या आणि जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिने पुष्कळ वेळ तिथेच ठेवला, त्यात तिची बस चुकली.

मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. मॅडम चित्रं बघत नव्हत्या. चित्रं संपल्यावर त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि ताईकडे वळल्या.

"आता तुम्ही सांगा. दुसरे कोणी आकडा सांगतात तेव्हा मी तिप्पट करून लिहिते. तुमचा आहे तसा लिहिणार. आमचे फळेवाले काका पाच महिन्यांनी निवृत्त होतायत. तुम्ही चार म्हणालात तर त्यांना मी थांबवत नाही, फळाही काढून टाकते."

साहेब हसून ताईकडे बघत होते. ताईला मॅडमचं पेन दिसत होतं. या बाई मनात तिप्पट करणार नव्हत्या. या बाई आकाशाकडे हात करणार होत्या.

"अकरा," ताई म्हणाली.

"ताईंना म्हणायचंय की..." साहेब उठले.

"अकरा महिने. काकांना वर्षभर जाऊ देऊ नका, आणि फळ्याला हात लावू नका."

मॅडमनी अकरा लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. वही मिटताना त्यांचं लक्ष पिनांकडे गेलं. "कोट छान बसलाय. बटणं?"

"राहिलीत."

"कधी लागणार?"

"ते मात्र मला सांगता येणार नाही," ताई म्हणाली, आणि त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मोकळं हसलं. साहेब सोडून.

काम गेलं. मॅडमच्या वरच्या लोकांनी ते दुसऱ्या एका कंपनीला दिलं. तिथल्या लोकांनी साडेतीनच महिने सांगितले होते. पण काकांना वर्षभर थांबवून घेण्याचं पत्र मॅडमनी त्याच आठवड्यात काढलं, आणि फळा जिथे होता तिथे राहिला. चौथा महिना संपताना त्यांचा ताईला फोन आला. "ते म्हणतात, टेस्टिंगच राहिलंय."

"काकांना आणखी एक वर्ष विचारून ठेवा," ताई म्हणाली.

साहेबांनी बोलल्याप्रमाणे केलं, एवढं मात्र त्यांना मानायला हवं. तारखा काढणारं सॉफ्टवेअर आलं. ते रोज सकाळी न चुकता चुकतं. ताईची खुर्ची उचलून प्रिंटरशेजारी ठेवली गेली, पाटी कोणीतरी कपाटावर टाकली, आणि प्रिंटरमध्ये कागद भरणं हे तिचं काम झालं. तिला वाईट वाटलं. का वाटू नये? पण तेव्हापासून त्या ऑफिसात कोरे कागद छापण्याचं प्रमाण फार वाढलं. डेटाबेसवाला दिवसातून तीनदा प्रिंटरपाशी येतो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "ताई, मी आत्ता मीटिंगमध्ये 'लवकरच' म्हणालो. त्याचे किती?"

रविवारी दुपारी ती बाबांपाशी काजं शिकायला बसू लागली. बाबा सांगायचे, ती चिंधीवर टाके घालायची आणि झालं की काज त्यांच्या हातात द्यायची. बाबा अंगठा फिरवून बघायचे. पहिल्याला म्हणाले, "हे काज नाही, हे उंदराने कुरतडलंय." दुसऱ्याला म्हणाले, "यातून बटण काय, बटणाचा बाप जाईल." असे पाच रविवार गेले. कोट खिळ्याला टांगलेला, पुढून तसाच उघडा. बाबांनी त्यावर खडूने चाचपत सात खुणा करून ठेवल्या होत्या.

सहाव्या रविवारी त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील गं सात काजांना?"

ती टाका मोजत होती. मान न उचलता म्हणाली, "झालंच, बाबा."

मग बाबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, पाणी प्यायले आणि डोळे पुसून म्हणाले, "चकार काढून सांग."

तिने सुई खाली ठेवली. किती रविवार झाले, किती काजं फाकली, नीट एक यायला अजून किती लागतील, हे तिने मनात धरलं. बाबांच्या हाताकडे पाहिलं. कमी सांगावंसं फार वाटलं.

"सहा महिने," ती म्हणाली.

बाबांनी बोटांवर महिने मोजले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बोटांना त्याला जरा वेळ लागला.

"बरं," ते म्हणाले. "थांबतो."

तिने कान देऊन ऐकलं. 'च' नव्हता. तिने सुई उचलली आणि दोरा ओवला.